चौथा पर्याय

"जेवलास, नाय जेवलास, अन्य, का सांगता येत नाय?"

घणसोली गावात भाड्याची खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी कराडकडचा. आमच्याकडे पाहुण्याला 'जेवला का' असं विचारतात आणि तो काहीही म्हणाला तरी ताट वाढतात. चारातून एक निवडायची सवय नव्हती. मी गडबडून "अन्य" म्हणालो. मालकांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"अन्य म्हंजे काय, त्याचा खुलासा कर."

"स्टेशनवर वडापाव खाल्लाय."

"बरोबर. वडापाव म्हंजे जेवन नाय आनि उपासपन नाय. अन्यच." मग त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अगो, अर्धं ताट वाढ."

आतून त्यांच्या पत्नी, सुगंधावहिनी, पूर्ण ताट घेऊन आल्या. बांगड्याचं कालवण, तांदळाची भाकरी, भात. "त्यांच्या पर्यायांना भिऊ नको," त्या म्हणाल्या. "तू जेव."

हे नामदेव म्हात्रे, सगळ्यांचे भाऊ. गावातले जुने रहिवासी. आजोबांची भातशेती नव्या शहरात गेली. तिच्यावर आता कोणाकोणाचे बारा मजली टॉवर उभे आहेत, आणि उरलेल्या गावठाणात भाऊंची ही तीन मजली इमारत. सज्जातून हात लांब केला तर शेजारच्या खिडकीतली साखर घेता येते. भाऊ बी.एस्सी. झालेले. तुर्भ्याच्या एका केमिकल कारखान्यात प्रयोगशाळेत होते. तो बंद पडला तेव्हा चाळिशी उलटली होती. गावातल्या इतरांनी तेवढ्यात बांधकामाच्या वाळूचे धंदे काढले. भाऊंनी वीस वर्षांच्या मुलींच्या शेजारी बाकावर बसून मेडिकल कोडिंगचा कोर्स केला आणि पहिल्या फटक्यात पास झाले.

हे मला नंतर कळलं. खोली घेतल्यावर दुसऱ्याच दिवशी महाप्याच्या ऑफिसात नोकरीवर रुजू झालो, तर ज्या साहेबांच्या हाताखाली काम करायचं ते साहेब म्हणजे हेच. तेव्हापासून घरी भाऊ आणि ऑफिसात सर. जिन्यात भेटले तर काय म्हणायचं, हे चार वर्षं झाली तरी माझं ठरलेलं नाही.

आमचा धंदा नेमका काय, हे मी गावाकडे अजून कोणाला समजावू शकलो नाही. आई सांगते, पोरगा मुंबईला हॉस्पिटलचं करतो, आणि लोक विचारतात, बरा कधी होणार. तर ते असं. अमेरिकेत कोणी आजारी पडलं की तिथले डॉक्टर त्याच्याविषयी पानंच्या पानं लिहितात. ती पानं इकडे आमच्या पडद्यावर येतात. ती वाचून आम्ही प्रत्येक दुखण्याला त्याचा ठरलेला कोड लावतो, म्हणजे अक्षर आणि आकडे मिळून एक नंबर. त्या नंबरांवरून तिकडे बिल होतं. जगात जेवढी दुखणी तेवढे कोड, वर थोडे शिल्लक. बदकाने धडक मारली तर त्यालाही कोड आहे. पेशंट त्यासाठी पहिल्यांदा आला असेल तर एक, आणि तीच धडक पुन्हा दाखवायला आला असेल तर दुसरा.

एवढ्यावर थांबलं असतं तर सुखात दिवस गेले असते. पण एका पेशंटला चार डॉक्टर बघतात आणि ते एकमेकांचं लिहिलेलं वाचत नाहीत. एक लिहितो, मधुमेह पहिल्या प्रकारचा. दुसरा लिहितो, दुसऱ्या प्रकारचा. दोन्ही कोड एका बिलावर लावले तर इन्शुरन्सवाले बिल तोंडावर फेकतात. आपल्या मनाने एक निवडला तर ते पाप, कारण आपण डॉक्टर नाही. मग उरतं विचारणं. मुख्य डॉक्टरला पत्र पाठवायचं. त्या पत्राला आमच्यात क्वेरी म्हणतात.

क्वेरीचे नियम सोवळ्यातले आहेत. उत्तर सुचवायचं नाही. 'न्यूमोनियाच ना हा?' असं विचारलं की डॉक्टर 'हो' म्हणून मोकळा होतो, कारण त्यालाही घरी जायचं असतं. म्हणून कागदावर जे दिसतं तेवढंच सांगायचं, खाली सगळे पर्याय सारख्या मापाने मांडायचे, आणि शेवटी 'अन्य' आणि 'सांगता येत नाही' हे दोन द्यायचेच. उत्तरामुळे पुढे काय होईल, बिल वाढेल की घटेल, त्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. आणि क्वेरी लिहिली की ती दुसऱ्या कोणीतरी तपासायची.

आम्ही सगळे हे ऑफिसात पाळतो आणि लिफ्टमध्ये शिरलो की विसरतो. भाऊ ते घरी घेऊन आले.

"आपन वाट दाखवायची नाय," ते म्हणतात. "आपन चौक दाखवायचा. वाट ज्याची त्यानं धरायची."

बाजारात कोळणीसमोर उभे राहून ते विचारतात, "पापलेट ताजा, बर्फातला, अन्य, का सांगता येत नाय?" एकदा कोळणीने सुरी खाली ठेवली. "सांगता येत नाय. तुजी बायको सांगल. तिला पाठव." भाऊंनी हे उत्तर ग्राह्य धरलं. रीतसर उत्तर देणारी ती बाजारातली एकच बाई, म्हणून मासळी आजही तिच्याकडूनच येते. रिक्षावाल्याला ते "येनार का" असं विचारत नाहीत. त्यात होकार सुचवला जातो म्हणे. रिक्षावाला पर्याय ऐकून घेईपर्यंत सिग्नल सुटतो आणि आम्ही चालत निघतो.

पण एकदा या वेडानं एका मुलीचं भलं केलं, ते सांगायलाच हवं. प्राची ही भाऊंच्या धाकट्या भावाची मुलगी, वरच्या मजल्यावर राहते. भाऊ-वहिनींना मूलबाळ नाही. प्राची वहिनींच्याच अंगाखांद्यावर वाढली. तिला पनवेलकडचं स्थळ आलं. मुलाच्या घरी तीन डंपर होते, आणि डंपर असलेल्या घराला घणसोलीत नाही म्हणायची पद्धत नाही. सगळे तिच्याभोवती बसले आणि म्हणाले, पसंत आहे ना? भाऊ उठले. "ह्याला विचारनं म्हनत नायत," असं म्हणून त्यांनी वहीचं पान फाडलं, त्यावर पट्टीने चार चौकोन आखले. पसंत. नापसंत. अन्य. सांगता येत नाही. प्राचीने पेन घेतलं, 'अन्य'वर खूण केली आणि खुलाशाच्या जागेत कोपरखैरण्याच्या एका बँकेत कामाला असलेल्या मुलाचं नाव लिहिलं. मोबाईल नंबरासकट.

तिचे वडील ताडकन उभे राहिले. भाऊ शांत होते. "पर्याय आपनच दिला ना? मग आता उत्तर घ्या."

दोन महिन्यांनी त्याच मुलाशी लग्न ठरलं. प्राची आजही म्हणते, नुसतं हो की नाही विचारलं असतं तर मी हो म्हणून डंपरमध्ये बसले असते.

ऑफिसात मात्र या गुणाचं कौतुक नव्हतं. आमचा मॅनेजर सौरभ. तिशीतला, रोज नवी पाण्याची बाटली, बोलताना हवेत तक्ते काढतो. क्वेरी पाठवली की उत्तर येईपर्यंत बिल अडकतं, आणि बिल अडकलं की तिकडचे लोक सौरभला फोन करतात. त्याचं म्हणणं असं की क्वेरी ही सवय आहे आणि सवय सुटू शकते. म्हणून त्याने 'शंकामुक्त शुक्रवार' काढला. त्या दिवशी एकही क्वेरी नाही. फुगे लावले, केक आणला, आणि ज्याला दिवसभरात एकही शंका येणार नाही त्याला कॉफीचा मग बक्षीस मिळणार होता.

त्या शुक्रवारी भाऊंनी अकरा क्वेऱ्या पाठवल्या.

त्यातली एक मला पाठ आहे. पेशंटचा डावा पाय मंगळवारी गुडघ्याखाली कापलेला. सर्जनने तसं लिहिलंय. बुधवारी दुसऱ्या डॉक्टरने लिहिलंय, दोन्ही पावलं उबदार, नाडी उत्तम. डॉक्टरने जुनं लिहिलेलं उचलून पुन्हा चिकटवलं होतं, हे शेंबडं पोरही सांगेल. सौरभ खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"सर, सिम्पल आहे. लेटेस्ट नोट घ्या ना."

"लेटेस्ट नोटीत दोन पाय हायत."

"मग दोन घ्या."

"मंगलवारी एक कापलाय."

"बरं मग एक घ्या. टेन्शन काय आहे?"

"मी कोन पाय देनारा-घेनारा?" भाऊ म्हणाले आणि टाईप करू लागले. माहितीत तफावत आढळते. कृपया पावलांची सद्यस्थिती स्पष्ट करावी. एक, दोन, अन्य, सांगता येत नाही. आठ दिवसांनी तिकडून उत्तर आलं, 'एक. धन्यवाद.' भाऊंनी ते छापून टेबलाच्या काचेखाली ठेवलं. बक्षिसाचा मग सौरभने एका नव्या मुलीला दिला. तिला दिवसभर शंका आली नव्हती कारण तिचा लॉगिनच तयार झाला नव्हता.

मलाही त्यांनी इंगा दाखवला आहे. पहिल्याच महिन्यात मी एका क्वेरीत लिहिलं होतं, 'पेशंटचं हृदय कमजोर आहे हे उघडच दिसतं, तरी कृपया खात्री द्यावी.' सरांनी मला बोलावलं. 'उघडच' या शब्दावर त्यांचं बोट होतं.

"हे कोनाला उघडं दिसतंय?"

"मला, सर."

"तू कोन?"

मी तो शब्द काढून टाकला. "तुझ्या मनात काय हाय ते डॉक्टरला कशाला सांगतोस? तो दमलेला मानूस. तू जिकडं ढकलशील तिकडं पडेल. मग ते त्याचं उत्तर नाय, तुझंच." त्यांनी ती क्वेरी माझ्याकडून तीन वेळा लिहून घेतली. तिसऱ्या वेळी त्यात माझं असं काही उरलं नाही तेव्हा सोडली. वर त्यांचं ठरलेलं वाक्य ऐकवलं, "आनि जे काय हाय ते कागदावर पायजे. लिहिलं नाय तं झालं नाय." हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय की परवा आईशी फोनवर बोललो ते डायरीत टिपून ठेवलं.

असा हा माणूस. लग्नाच्या पत्रिकेतही कोणाला 'अवश्य यावे' असं लिहू नये, या मताचा. आता वहिनींचं सांगतो.

सुगंधावहिनी धवलारीण आहेत. आगऱ्यांच्या लग्नात विधी सुरू असताना धवले म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी बाई लागते. कुठल्या वेळी कुठलं गाणं, कोणाचं नाव कधी घ्यायचं, हे तिला तोंडपाठ असतं. कागदावर काही नसतं. वहिनींना ते त्यांच्या आत्याकडून आलं. घणसोलीपासून दिघ्यापर्यंत कितीतरी मांडवांत त्या बसल्या आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर. ऑपरेशन झालं, पुढचं सगळं झालं, केस गेले आणि परत आले. रोजची एक गोळी तेवढी उरली. ती अजून दोन वर्षं घ्यायची आहे.

तेव्हापासून त्या कुठल्याच मांडवात बसलेल्या नाहीत. कोणी मना केलं नाही. बोलावणी यायची. त्यांनीच मनाशी ठरवलं होतं. "आंगात अजून ते हाय का नाय, ते समजल्याबिगर मी कोनाच्या पोरीच्या हलदीला नाय बसनार. चांगल्या कामात असली वस्तू घेऊन जाऊ नये." मी एकदा म्हणालो, वहिनी, हा काय लागणीचा आजार आहे का? त्यांनी मला भाकरी वाढली.

आता प्राचीचं लग्न सहा आठवड्यांवर आलं होतं. प्राची रोज खाली येऊन सांगायची, काकी, तू नाय गायलीस तर मी हळदच लावून घेणार नाय. वहिनी हसायच्या, आणि ती गेली की फाईल काढून बसायच्या.

गंमत फाईलमध्ये होती. तिला गंमत म्हणायचं तर. वाशीतल्या ज्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं त्यांनी शेवटच्या कागदावर लिहिलं होतं, 'कॅन्सर होऊन गेलेला.' आणि गोळ्या देणाऱ्या डॉक्टरीणबाई दर वेळी लिहीत होत्या, 'कॅन्सर. उपचार चालू.' एकच बाई, एकच फाईल, दोन कागद. ऑफिसात दिवसाला असे दहा चार्ट, म्हणजे पेशंटच्या फायली, येतात आणि दोन्हींचे कोड वेगवेगळे असतात. भाऊंनी असल्या चार्टवर पाच मिनिटांत क्वेरी लिहिली असती.

"तुमी तिकरच्या गोऱ्यांचं रोग ठरवता," वहिनी म्हणायच्या. "माजा ठरवा."

"मी ठरवत नाय. मी विचारतो."

"मंग इचारा."

इथे आमचे सर कच्चे निघाले. सातासमुद्रापलीकडच्या डॉक्टरांना शेकड्याने क्वेऱ्या पाठवणारा माणूस वाशीतल्या डॉक्टरीणबाईंपुढे बसला की त्याची वाचा जायची. एकदा भाऊंचा चष्मा दुरुस्तीला होता, म्हणून कागद वाचायला त्यांनी मला बरोबर नेलं. डॉक्टरीणबाईंना सर्दी झालेली. त्यांनी वहिनींना तपासलं, रिपोर्ट बघितले, म्हणाल्या, "छान. तीन महिन्यांनी या. काही विचारायचंय?"

वहिनींनी भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "खाली पार्किंगला पावती असते, नसते, अन्य...?"

आम्ही रिक्षाने आलो होतो.

परत येताना वहिनी बाहेर बघत बसल्या होत्या. तुर्भ्याच्या ट्रकांच्या रांगेत रिक्षा अडकली तेव्हा म्हणाल्या, "इचारलं का नाय?"

"गर्दी होती," भाऊ म्हणाले.

"आपलाच नंबर शेवटचा व्हता."

मला भाऊंचा राग आला. खरंच आला. जो माणूस अमेरिकेतल्या कोणा परक्याच्या पायासाठी मॅनेजरशी भांडतो, त्याला स्वतःच्या बायकोसाठी एक वाक्य विचारता येऊ नये? गच्चीवर पाण्याची टाकी बघायला आम्ही दोघं गेलो तेव्हा मी तसं बोललोही. इतकं फटकळ मी त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो.

ते बराच वेळ टाकीचं झाकण हलवत राहिले. "तिकडचा डॉक्टर काय पन लिहू दे," मग म्हणाले. "आपन कोड लावतो नि पुढचा चार्ट उघडतो. हिथं पुढचा चार्ट नाय रे."

माझा राग तिथेच गेला. लाज मात्र दोन-तीन दिवस राहिली.

लग्नाला दहा दिवस उरले तेव्हा, एका रविवारी सकाळी, भाऊ माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, हातात एक कागद. "क्वेरी हाय," ते म्हणाले. "तपासून दे. नियम म्हंजे नियम."

मी लाल पेन घेतलं आणि वाचायला लागलो. सुरुवात त्यांच्या नेहमीच्या शिस्तीतली. रुग्णाचं नाव, ऑपरेशनची तारीख, गोळीचं नाव. 'रुग्णाच्या कागदपत्रांत एके ठिकाणी कॅन्सर होऊन गेलेला असे नमूद आहे. दुसऱ्या ठिकाणी कॅन्सर, उपचार चालू असे नमूद आहे. आपल्या वैद्यकीय मतानुसार योग्य त्या पर्यायावर खूण करावी, ही विनंती.' एक काना-मात्रा इकडची तिकडे नाही.

आणि खाली, पट्टीने आखलेला, एकच चौकोन.

'आजार होऊन गेला. आता नाही.'

त्याच्या खाली पेनाने: 'रुग्णास पुतणीच्या लग्नात गायचे आहे.'

मी कागद उलटून पाहिला. मागे काही नव्हतं.

"सर," मी म्हणालो. घरच्या दारात उभे होते तरी तोंडातून सरच आलं. "बाकीचे पर्याय?"

"जागा नव्हती."

पाऊण कागद कोरा होता. भाऊ दाराच्या चौकटीवरचा रंगाचा पोपडा नखाने काढत होते. माझ्याकडे बघत नव्हते. हीच क्वेरी ऑफिसात कोणी लिहिली असती तर या माणसाने त्याला उभं जाळलं असतं. उत्तर सुचवलेलं, पर्याय गाळलेले, आणि परिणामही लिहिलेला. एका पानात तिन्ही गुन्हे. मला त्यांनी एका 'उघडच'साठी तीन वेळा लिहायला लावलं होतं.

मी लाल पेन ठेवून निळं घेतलं. कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं, 'तपासले. त्रुटी नाही.' सही केली, तारीख घातली. नोकरीत मी खोटं ऑडिट एवढं एकच केलं आहे आणि त्याचा मला अभिमान वाटतो.

गुरुवारी आम्ही तिघं पुन्हा वाशीला गेलो. या खेपेला भाऊंनी काही बोलायच्या आत कागदच पुढे केला. डॉक्टरीणबाईंनी तो एकदा वाचला, मग चष्मा वर करून पुन्हा वाचला. "हे कोणी लिहिलं?"

भाऊ कॅलेंडरकडे बघत होते. आदल्या खेपेचंच पान होतं, कोणी उलटलं नव्हतं.

बाईंनी पेन उघडलं. भाऊंच्या चौकोनावर खूण केली नाही. त्याखाली हाताने दुसरा चौकोन काढला, वाकडा, त्यावर खूण केली आणि शेजारी दोन ओळी लिहिल्या. मग तो कागद त्यांनी भाऊंच्या हातात न देता वहिनींसमोर सरकवला.

वहिनी सावकाश, ओठ हलवत वाचतात.

"'शंभर टक्के सांगता येत नाही,'" त्यांनी वाचलं. "'आज काही दिसत नाही. गोळी परत येऊ नये म्हणून आहे, ती चालू ठेवावी.'" त्या थांबल्या. खालची ओळ त्यांनी दोनदा वाचली, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने. "'गायला काहीही हरकत नाही.'"

मी भाऊंकडे बघायचं टाळलं. आयुष्यभर लोकांपुढे ठेवलेला चौथा पर्याय त्यांनी फक्त एकदा, बायकोच्या कागदावरून, गाळला होता. तोच समोर आला होता. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते आणि ते गुडघे घट्ट धरून बसले होते.

वहिनींनी कागदाची घडी घातली, पदराआड ठेवली. "येवरंच ना?" त्या म्हणाल्या. "येवऱ्यावर तं मी कदीची गायली असती. सांगता येत नाय तं कोनाचंच सांगता येत नाय." मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "सगल्या गावाला च्यार देता. मना एकच कशाला?"

डॉक्टरीणबाईंनी नाक पुसलं. सर्दी असावी.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी दारात मांडव उभा राहिला होता. जात्यावर हळद दळायला बायका बसल्या. वहिनी मध्ये, हिरव्या लुगड्यात, जात्याच्या खुंट्यावर हात. पहिली ओळ इतकी हळू आली की बाहेर पोरांचा गोंधळ चालू होता तो तसाच राहिला. दुसऱ्या ओळीला आवाज फाटला. त्या थांबल्या, पाणी प्यायल्या. प्राची समोरून बघत होती. वहिनींनी पुन्हा पहिल्यापासून धरलं आणि या वेळी दुसरी ओळ गेली, तिसरी गेली, आणि मग सगळ्या बायकांनी उचललं.

भाऊ मांडवाच्या बाहेर होते. पाठ मांडवाकडे, एका खांबाची दोरी सोडून पुन्हा बांधत होते. ती आधीच नीट बांधलेली होती. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

"ऐकतोस ना?" त्यांनी विचारलं. पुढे पर्याय आले नाहीत.

"ऐकतोय, भाऊ."

"मग लिहून ठेव कुठंतरी." त्यांनी दोरीला आणखी एक गाठ मारली. "लिहिलं नाय तं झालं नाय."

म्हणून हे लिहिलं. वहिनी गायल्या. मी तिथे होतो.